मुकुटबनशी चाललेला डाव

शालिकभाऊ वायरमन गेले, हे मला त्यांच्या लेकीच्या फोनवरून कळलं. नागपूरला तिच्याकडेच होते. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. फोन ठेवला तेव्हा दुकानात एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसली होती. ती म्हणाली, "काहून हो मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, "काही नाही, आधार द्या." दाखला भरून दिला, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव चुकवलं, आणि तिनं ते दाखवून दिलं तेव्हा तिच्यावरच खेकसले. माझं हे असंच आहे. रडायला येतं तेव्हा मी भांडते.

मारेगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचा मला फार कंटाळा, कारण त्यांची बोटं मशीनवर उमटत नाहीत आणि ते मशीनपेक्षा माझ्यावर चिडतात. शालिकभाऊ पहिल्यांदा आले ते हयातीच्या दाखल्यासाठीच. उंच, काटकुळे, पांढरी पँट, खाकी शर्ट. रिटायर होऊन वर्षं झाली तरी खाकी सुटला नव्हता. दहाही बोटं लावून पाहिली, एक उमटेल तर शपथ. तारांनी घासून घासून कातडं पार गुळगुळीत झालं होतं.

"मी जिवंत हाओ, हे काही याले पटून नाही राह्यलं," ते मशीनकडे पाहत म्हणाले. "तुले तरी पटते ना पोरी?"

मी हसले, आणि तिथेच फसले. त्या दिवसापासून माझ्या दुकानातला बाक हा त्यांचा बाक झाला. सकाळी साडेदहाला येणार, जेवायला घरी जाणार, परत चारला येणार. बायको आधीच गेलेली, लेक नागपूरला. सून नाही, नातू नाही. बोलायला मी, आणि माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं.

त्यांची एक खोड मला सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायची. कोणतंही बटन दाबण्याआधी ते ओरडायचे, "चालू करतो होऽऽ!" पंखा असो, ट्यूबलाइट असो, माझी लॅमिनेशनची मशीन असो. ओरडायचे, थांबायचे, डावीकडे-उजवीकडे पाहायचे, दुकानात किती माणसं आहेत ते ओठातल्या ओठात मोजायचे आणि मग बटन दाबायचे. एकदा एक तालुक्याचा साहेब उकाड्यानं हैराण होऊन बसला होता, तर यांनी त्यालाही मोजलं आणि विचारलं, "साहेब, तुमचा हात कुठी लागून नाही ना?" साहेब माझ्याकडे पाहायला लागला. मी कपाळावर हात मारला. "अहो काका, पंखा आहे तो, पंखा! ट्रान्सफॉर्मरची डीपी नाही!" ते नुसते बाकावर जाऊन बसले. मी चेष्टा करत राहिले, दोन वर्षं करत राहिले. त्याची आज मला लाज वाटते.

बुद्धिबळाचं खूळ मीच त्यांच्या डोक्यात घातलं. नवा फोन घेतला होता, त्यात काय काय करता येतं हे विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं. मी कंटाळून विचारलं, "काका, तुम्हाला खेळायला काय येतं? पत्ते?"

"बुद्धिबळ येते," ते म्हणाले. "सबस्टेशनवर खेळत होतो आमी. लोडशेडिंग असलं की कामच काय रायते? टाइमावर लाइन बंद करा, टाइमावर चालू करा. मधातल्या टाइमात डाव मांडाचा."

मी बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं. नाव काय टाकू विचारलं, तर म्हणाले, "शालिक वायरमन. दुसरं काय?" आणि जगभरातल्या लोकांशी शालिक वायरमन खेळायला लागले. कोणाचा झेंडा हिरवा, कोणाचा निळा. समोरच्याचा झेंडा पाहून ते मला विचारायचे, "हा कुठचा व्हय?" मी देशाचं नाव सांगितलं की म्हणायचे, "तिकडे आता किती वाजले असन? झोपत नाही का हा?"

हरायचे मात्र सपाटून. आणि हरण्याची तऱ्हाही न्यारी. डावाच्या मध्यापर्यंत समोरच्याला पार नागवून टाकायचे. वजीर गेला, हत्ती गेले, समोर उरला एकटा राजा आणि एक केविलवाणं प्यादं. आता ते प्यादं खा, राजाला कोपऱ्यात न्या, झालं. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तरी तेवढं मलाही दिसायचं. पण हे गृहस्थ ते प्यादं खायचेच नाहीत. त्याच्या अवतीभवती आपला हत्ती फिरवत बसायचे. इकडे ते प्यादं एकेक घर सरकत शेवटच्या घरात जायचं, त्याचा वजीर व्हायचा, आणि तो वजीर यांची धूळधाण करायचा.

"अहो खा ना ते प्यादं!" मी काउंटरवरून ओरडायचे.

"आखरीचं मोहरं खात नाही पोरी. एकटा राजा ठेवला तं बुर्जी होते. ते जितनं नाही होत."

मग त्यांनी मला समजावलं. ते ज्या देशी रिवाजानं शिकले होते, त्यात समोरच्याचा राजा एकटाच उरला की डाव बरोबरीत धरायचे. त्याला बुर्जी म्हणत. जिंकायचं असेल तर समोरच्याजवळ राजाशिवाय एक तरी मोहरं शिल्लक ठेवूनच मात करायची. प्याद्यानं मात केली तर सगळ्यात मोठी शाबासकी. हे सगळं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. ॲपला बुर्जी माहीत नाही, तिथे एकट्या राजालाही खुशाल मारता येतं, असं मी दहादा सांगितलं. ते मान हलवायचे आणि पुढच्या डावात पुन्हा तेच. खेळाडू किती तयारीचा ते ॲप एका आकड्यात दाखवतं, तो त्यांचा आकडा सहाशेच्या खाली घसरला. गिऱ्हाइकं त्यांना विचारायची, "काय काका, आज कोणत्या देशानं हरवलं?"

मग माझ्या हातून एक गोष्ट झाली. ॲपनं विचारलं, फोनमधली नावं पाहू का? मी सवयीनं "हो" दाबलं. दिवसभर तेच करते मी. लगेच खाली एक नाव आलं: तुमच्या ओळखीचे, गुलाब मुकुटबन. मी म्हटलं, "काका, हे बघा, तुमच्या ओळखीचे कोणी गुलाबराव खेळतात. लावू का डाव?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत मी लावलाही.

शालिकभाऊ उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "काय केलं हे?" म्हणाले. "वापस घे. वापस घे म्हनतो ना!"

वापस घेता येत नव्हतं. ते तसेच निघून गेले आणि तीन दिवस दुकानात फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले, फोन माझ्यासमोर धरला. मुकुटबनहून पहिली चाल आली होती. राजासमोरचं प्यादं, दोन घरं.

"खेळू काय?" त्यांनी मला विचारलं. साठी उलटलेला माणूस माझ्यासारखीला परवानगी मागत होता.

गुलाबराव कोण, हे मला तेव्हा अर्धंच कळलं. दोघं एका सबस्टेशनवर होते. शालिकभाऊ पक्के वायरमन, गुलाबराव त्यांचे हेल्पर. बुद्धिबळ गुलाबरावांनीच त्यांना शिकवलं होतं. केळापूरच्या अलीकडे एका वावरात डीपीवर काम करताना लाइन चालू झाली आणि गुलाबरावांचा उजवा हात गेला. कोपरापासून काढावा लागला. नोकरी गेली, ते आपल्या गावी मुकुटबनला परतले. घरची पिठाची गिरणी डाव्या हातानं चालवायला लागले. त्याला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं गुलाबरावांचा नंबर शालिकभाऊंच्या फोनमध्ये होता, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जात होता, आणि त्यांनी तो एकदाही लावला नव्हता. मला एवढंच कळलं, आणि मला वाटलं, चला, जुने दोस्त भेटले, बरं झालं.

डाव असा ठरला होता की एका चालीला तीन दिवस मिळतात. तीन दिवसांत चाल केली नाही तर हरला. मुकुटबनला नेटवर्क येतं-जातं, म्हणून हे बरं. पण गुलाबराव दिवसातून तीन-तीन चाली करायचे. गिरणीत दळण लावलं की चाल करत असतील. शालिकभाऊंचा बाक आता बदलला, रेंज जिथे पक्की मिळते तिथे त्यांनी तो सरकवून घेतला.

पहिला डाव ते हरले. दुसरा हरले. तिसरा चालू असताना मी मागून पाहिलं, यांच्याजवळ अख्खा हत्ती जास्तीचा होता, आणि तो त्यांनी सरळ गुलाबरावांच्या उंटासमोर नेऊन ठेवला.

"काका! हत्ती फुकट चालला ना!"

"चुकला हात," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या डावानंतर ॲपमध्ये निरोप आला. पहिल्यांदाच. डाव्या हातानं टाइप केलेला असावा, वेलांट्या इकडच्या तिकडे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फोन माझ्याकडे दिला. "वाच बरं."

"मुद्दाम हरून राह्यला. हात गेला माहा, डोकं नाही गेलं."

त्यानंतर मुकुटबनहून डाव यायचा बंद झाला. शालिकभाऊ दररोज सकाळी बाकावर बसले की आधी गुलाबरावांना डाव पाठवायचे. तो तसाच पडून राहायचा किंवा नाकारला जायचा. चार महिने. मी एकदा म्हटलं, "सोडा ना काका, नसेल खेळायचं त्यांना." तर म्हणाले, "त्याचा हक्क हाये नाही म्हनाचा. मी पाठवत रायतो."

आणि त्या चार महिन्यांत हा माणूस शिकला. अक्षरशः शाळेतल्या पोरासारखा शिकला. माझ्या रद्दीतले खराब झेरॉक्स घेऊन त्यांच्या पाठीवर पट आखले. मोहऱ्यांच्या जागी शर्टाची बटनं. फक्त दोन राजे आणि एक प्यादं मांडून दुपारभर बसायचे. राजासमोर राजा कसा उभा करायचा, आपली चाल यायला नको तर काय करायचं, हत्तीनं समोरच्या राजाला रेघेबाहेर कसं अडवायचं. मला पुटपुटणं ऐकू यायचं: "हा इकडे आला तं मी तिकडे. आता त्याले हलनं भाग हाये." डावाची सुरुवात ते शिकलेच नाहीत. म्हणायचे, सुरुवातीले सगळेच शहाणे असते. शेवट शिकायचा होता त्यांना.

सगळ्यात अवघड गेलं ते शेवटचं मोहरं खाणं. बटनांवर खायचे, खऱ्या डावात हात थबकायचा. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा समोर कोणी परदेशातला होता, गंमत म्हणून खेळणारा. शालिकभाऊंनी त्याचं एकुलतं प्यादं उचललं, चौदा-पंधरा चालींत राजाला कोपऱ्यात नेऊन मात केली, आणि मग बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले. "कसंसंच वाटते," म्हणाले. मी म्हटलं, "अहो जिंकलात तुम्ही!" "हव," म्हणाले, "जितलो." आकडा सहाशेवरून आठशे झाला, हजार झाला, अकराशेच्या वर गेला. दुकानातल्या लोकांनी चेष्टा सोडून दिली. पंचायत समितीतला एक क्लार्क त्यांच्याशी खेळायला म्हणून जेवणाच्या सुट्टीत यायला लागला आणि हरून जायला लागला.

तो आकडा मुकुटबनलाही दिसत असणार. एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा डाव पाठवला आणि मी शटर पुरतं वर करते न करते तोच फोन वाजला. गुलाबरावांनी डाव घेतला होता.

तो डाव तीन आठवडे चालला. शालिकभाऊ जेवायला घरी जायचे बंद झाले, मीच डब्यातलं अर्धं द्यायला लागले. शेवटी यांच्याकडे राजा आणि हत्ती, गुलाबरावांकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादं खाता येत होतं. शालिकभाऊ दोन दिवस त्या चालीवर बसून राहिले. मी काही बोलले नाही. माझ्यासाठी ते किती कठीण होतं, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बोट ठेवलं आणि प्यादं खाल्लं.

गुलाबरावांनी डाव सोडला नाही. एकटा राजा घेऊन प्रत्येक चाल खेळले, मात होईपर्यंत. आणि मग निरोप आला, तीनच शब्दांचा.

"हा खरा डाव."

शालिकभाऊ माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, रडले. रुमाल नव्हता, खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले. एका बाईनं मला खुणेनं विचारलं, घरात काही झालं का? मी म्हटलं, "नाही हो, जिंकले ते."

मग डावामागून डाव. कधी हे, कधी ते. गुलाबराव जिंकले की शालिकभाऊ जास्त खूश, आमच्या सगळ्यांना भजी. निरोप मात्र येत नसत, यांनीही कधी पाठवला नाही. माझ्या मते दोघांची दिलजमाई झाली होती. मी भोळी.

तुरीची कापणी चालली होती तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक नव्हतं. मी पंखा लावायला गेले आणि मस्करीत त्यांच्यासारखीच ओरडले, "चालू करतो होऽऽ!" ते म्हणाले, "मी त्या दिवशी आवाज नोता देल्ला."

मी बटनावरचा हात काढला.

त्यांनी सांगितलं ते असं. लाइन बंद करून काम करायचं तर सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं असतं. काम संपलं, सगळी माणसं खाली उतरली, ती मोजली, की परमिट सोडायचं, म्हणजे फोन करून सांगायचं, लाइन चालू करा. त्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, शालिकभाऊ उभे होते. घरी पाहुणे होते, जायची घाई होती. काम झालं असं वाटलं. वर पाहिलं नाही, हाक मारली नाही, माणसं मोजली नाहीत, फोन केला. गुलाबराव वरच होते, दोन तारा जोडणारा एक जंपर आवळायचा राहिला म्हणून पुन्हा चढलेले.

"नुसती चूक असती तं एक वेळ..." ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "पन मंग चौकशी लागली. मले बयान लिहाले लावलं. माही नोकरी जाईन, पोरगी लग्नाची होती. मी लिहून देल्लं. परमिट सोडल्यावर गुलाब न विचारता चढला, असं लिहून देल्लं. त्याच्यावरच आलं सगळं. त्याले काढून टाकलं. गावातही तेच, म्हने सोताच्या चुकीनं हात घालवला."

मला राग आला. खूप राग आला. माझ्या डब्यातलं अर्धं खाणारा, मला पोरी म्हणणारा हा माणूस, आणि ह्यानं एका हात गेलेल्या माणसाची नोकरीही घालवली, नावही घालवलं. मी म्हटलं, "आणि तुम्ही त्यांच्याशी बुद्धिबळ खेळून राहिले? तोंड कसं झालं तुमचं?" आठवडाभर मी त्यांना चहा विचारला नाही. ते तरीही येऊन बाकावर बसत. उन्हात उभं केल्यासारखे बसत. आठव्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. कप त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

"कसं सांगू?"

"मी लिहिते. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं, मी त्यांच्या फोनमध्ये निरोपाच्या जागी टाइप केलं. "गुलाब, माझं बयान खोटं होतं. तू न विचारता चढला नव्हता. मी न पाहता लाइन चालू करायला सांगितली. सगळी चूक माझी." पाठवायच्या बटनावर माझा अंगठा होता.

"थांब," ते म्हणाले. माझं मनगट धरलं. "हा डाव होऊ दे. मंग पाठवू."

"का?"

"सांगतलं तं तो खेळनं बंद करन. आता तं सुरू झालं पोरी. अठरा वर्सांनी सुरू झालं."

डाव संपला. दुसरा सुरू झाला होता. "हाही होऊ दे." मग तिसरा. निरोप तसाच लिहिलेला पडून होता, ॲप उघडलं की खाली दिसायचा. मी रोज विचारायचे, "पाठवू?" ते रोज म्हणायचे, "हा शेवटावर आला, आता नको." एकदा ते नळावर गेले होते, फोन बाकावर उघडा होता, निरोप समोर होता. मी उचलला. मला वाटलं, आपण कोण पाठवणारे? ठेवून दिला. मी पाठवायला हवा होता. आपला तो हक्क नव्हता, असं मी कितीही वेळा स्वतःला समजावलं तरी मला पटत नाही. पाठवायलाच हवा होता.

होळीच्या आधी मुकुटबनची चाल यायची थांबली. डाव शेवटाकडे आला होता, दोघांकडे एकेक हत्ती आणि दोन-दोन प्यादी. चाल गुलाबरावांची. खाली आकडे दिसत होते, दोन दिवस बाकी.

"नेटवर्क नसन," शालिकभाऊ म्हणाले.

एक दिवस बाकी. "गिरनी बंद असन. बाहेरगावी गेला असन." मग तास दिसायला लागले. ते उठून उभे राहायचे, बसायचे, फोन हलवून पाहायचे. मी म्हटलं, फोन लावा त्यांना. ते मान हलवत राहिले. दुपारी अडीच वाजता स्क्रीनवर पिवळ्या चांदण्या पडल्या आणि अक्षरं आली: अभिनंदन! वेळ संपल्यामुळे तुमचा विजय झाला. आकडाही वाढला. एवढा मोठा आकडा त्यांचा कधीच झाला नव्हता.

मग त्यांनी अठरा वर्षांत पहिल्यांदा तो नंबर लावला. माझ्यासमोर लावला, उभं राहून. पलीकडून पोरीचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "गुलाब हाये काय?" पुढचं मला ऐकू आलं नाही, फक्त त्यांचं "कधी? कधी?" ऐकू आलं. गुलाबराव तीन दिवसांपूर्वी सकाळी गिरणीत, चक्की चालू असतानाच, छाती धरून बसले होते. दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

फोन ठेवून ते खाली बसले. बाकावर नाही, फरशीवर. निरोप तसाच होता, चांदण्यांच्या खाली.

मला वाटलं होतं, हा माणूस आता खचेल, घरी बसेल. दुसऱ्या दिवशी ते साडेदहाला आले, दाढी करून. "खुलासा टाइप कराचा हाये," म्हणाले. "लाइट ऑफिसले द्याचा." मी केला. एक पान झालं. तारीख नीट आठवत नव्हती तिथे महिना आणि साल घातलं. लाइट ऑफिसात आवक बारनिशीला एक तरुण पोरगा होता. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, म्हणाला, "काका, हे प्रकरण इथलं नाही, आता ती फाइलही नसेल. कायले उकरता? पेन्शन सुरू हाये ना?" त्यानं घेतलं नाही. शिक्काही मारला नाही. शालिकभाऊ त्याच्याशी भांडले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "मुकुटबनले येतं काय माह्यासंगं? एकट्यानं नाही होनार."

दुकान बंद केलं. वणीवरून माझ्या स्कूटीवर गेलो. वाटभर ते मागून माझ्या ओढणीचं टोक चाकात जाऊ नये म्हणून धरून बसले होते.

गुलाबरावांचं घर गिरणीला लागूनच होतं. अंगणात तेरवीच्या सामानाची जमवाजमव चालली होती. त्यांची बायको शेवंताबाई तांदूळ निवडत बसली होती, बारीक चणीची, उन्हानं करपलेली बाई. तिनं शालिकभाऊंना लगेच ओळखलं. बसा म्हणाली नाही. सूप खाली ठेवलं.

शालिकभाऊंनी कागद पुढे केला. "वहिनी, हे आनलं."

"मले वाचता नाही येत. काय हाये ते तुमीच वाचा."

ते वाचायला लागले. "मी, शालिक, सेवानिवृत्त वायरमन, खरं लिहून देतो की..." आवाज इतका खाली की मलाच नीट ऐकू येत नव्हता. माणसं मोजली नाहीत, तिथपर्यंत आले. बयान खोटं दिलं, तिथपर्यंत आले. वाचून झालं. ते मान खाली घालून उभे राहिले.

मला वाटलं, शेवंताबाई रडेल. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मग तिनं विचारलं, "आता कोनाले सांगता हे? ते तं गेले."

शालिकभाऊ कागदाची घडी घालायला लागले.

ती उठली. अंगणाच्या कवाडाशी जाऊन तिनं समोरच्या घराकडे हाक मारली, "अवं रुखमे! इकडे ये. तुह्या सासऱ्यालेही घेऊन ये." मग गिरणीकडे तोंड करून, तिथे दळणाला आलेल्या बायांना हाक मारली. मग वळून म्हणाली, "आता पयल्यापासून वाचा. जोरानं वाचा."

त्यांनी वाचलं. सहा-सात जण होते. रुखमाचा सासरा काठीवर रेलून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हंजे गुलाबची चूक नोती?" शेवंताबाई त्याला म्हणाली, "ऐका ना. वाचून राह्यले ना ते." वाचून झालं तोवर अजून चार जण आले होते. "काय झालं? काय झालं?" विचारत होते.

"पयल्यापासून," शेवंताबाई म्हणाली.

तिसऱ्यांदा वाचताना, खोटं बयान या शब्दांपाशी त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, काही येत नव्हतं. मी पुढे झाले आणि कागद घ्यायला हात केला. शेवंताबाईनं माझा हात बाजूला सारला. जोरात नाही.

"तू नको बाई," ती म्हणाली. "त्याईलेच वाचू दे."

मी मागे सरले आणि स्कूटीपाशी जाऊन उभी राहिले. त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी लेक येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली, पण घरी सोडताना अंधार होता, तोंड काही दिसलं नाही. म्हणून मला ते दिसतात ते त्या अंगणातलेच. खाकी शर्टाची पाठ घामानं ओली झालेली, चष्मा नाकावरून खाली आलेला. त्यांनी तो वर केला, घसा साफ केला आणि राहिलेलं वाचून संपवलं. गल्लीच्या तोंडाशी अजून दोन बाया डोक्यावर पदर सावरत लगबगीनं येताना दिसत होत्या. शेवंताबाईनं त्यांना हातानं खूण केली, आणि कोणी सांगायच्या आधीच शालिकभाऊंनी बोट पुन्हा कागदाच्या पहिल्या ओळीवर नेलं.